सगुणाबाईला दिलेला शब्द

भंडारा जिल्ह्यात मी तळी बघायला गेले नव्हते. ती पाहिली, आणि पाहण्यासारखीच आहेत. पण मी गेले होते माझ्या थोरल्या बहिणीला तिथून उचलून आणायला. ताई कॅथलिक सिस्टर आहे. आम्ही वसईचे, आमच्याकडे भावकीत एखादा फादर नाहीतर सिस्टर असतेच, त्यात नवल नाही. नवल हे होतं, की छातीत गाठ आहे हे स्वतः नर्स असलेल्या माझ्या बहिणीला पावसाळ्यातच कळलं, नागपूरच्या डॉक्टरांनी लगेच ऑपरेशन सांगितलं, आणि दिवाळी होऊन गेली तरी बाई गावातून हलायला तयार नव्हती.

तिच्या धर्मभगिनींच्या संघाच्या वरिष्ठ सिस्टरांनी मला फोन केला. "आज्ञा केली तर ती मुकाट्यानं येईल. आज्ञापालनाचं व्रतच आहे आमचं. पण आजारी माणसाला व्रताची आठवण देऊन न्यावं, असं मला वाटत नाही. तुम्ही धाकट्या. तुम्ही भांडू शकता." भांडण्याच्या बाबतीत माझी कीर्ती वसईबाहेर पोचली आहे, हे मला तेव्हा कळलं. मी सुकेळी, म्हणजे आमच्याकडची वाळवलेली केळी, बांधली, सुके बोंबील बांधले आणि विदर्भ एक्सप्रेसमध्ये बसले.

वरठीहून पुढे

स्टेशनचं नाव भंडारा रोड, ते आहे वरठीत. तिथून भंडारा शहर, वैनगंगेचा पूल, मग साकोलीपर्यंत एसटी. धानाची कापणी उरकलेली होती. आम्ही ज्याला भातशेती म्हणतो ते इथे धान. आमच्या वाडीत केळी, पानवेल, फुलं सगळं एकमेकांच्या अंगावर पडून वाढतं. इथे बांध घातलेल्या चौकोनी बांध्या मोकळ्या पडल्या होत्या आणि मधूनमधून कापलेल्या धानाचे पुंजणे रचून ठेवलेले होते. बांधावर तूर फुललेली. मग जंगल, मग अचानक तलाव, पुन्हा जंगल. खिडकीशी बसून मी किती वेळ नुसती बघत होते. ज्या कामासाठी निघाले होते ते तेवढा वेळ विसरायला झालं, हे कबूल करते.

साकोलीच्या पुढच्या गाडीत शेजारी एक बाई टोपलीत शिंगाडे घेऊन बसली होती. मी कुठे चालले ते तिनं विचारलं. गावाचं नाव सांगताच तिनं माझा चेहरा निरखला.

"शिष्टरची बहीन का जी तुमी? नाक तसंच आहे."

मी हो म्हटलं. तिनं ओंजळभर शिंगाडे माझ्या पदरात टाकले. "खा. पन तिले घेऊन नोका जाऊ बरं."

या मुलखात बायकासुद्धा 'मी जातो, मी येतो' म्हणतात आणि वाक्याच्या शेवटी 'जी' लावतात, त्यामुळे दटावणीसुद्धा आर्जवासारखी वाटते. मी शिंगाडे सोलत राहिले. माझं उत्तर त्या बाईला आवडलं नसतं.

सिस्टरांचं घर

गाव सानगडीच्या रस्त्यावरून थोडं आत आहे. नाव लिहीत नाही, कारण एका घरातल्या गोष्टी सांगायच्या आहेत.

सिस्टरांचं घर म्हणजे कौलारू तीन खोल्या. एकीत चॅपेल, एकीत स्वयंपाक आणि झोपणं, तिसरीत एके काळी दवाखाना होता. आता गावात सरकारी उपकेंद्र आहे, आशाताई आहेत, त्यामुळे दवाखान्याचं एक कपाट झालंय. गावात ख्रिस्ती घर एकही नाही. काही हिंदू, काही बौद्ध. मग या दोघी इथे काय करतात, हा प्रश्न मला वर्षानुवर्षं पडला होता. वसईत कुणी विचारलं की मी 'सेवा' असं म्हणून विषय बदलत असे.

दोघी म्हणजे ताई आणि सिस्टर लिली. लिली केरळची, चाळिशीची, नर्सच. तिची मराठी म्हणजे मल्याळी चालीत म्हटलेली इथली झाडीबोली, ऐकत राहावी.

ताईला पाहून मात्र मी दारातच थांबले. सत्तरीला टेकलेली बाई, आधीच काटकुळी, त्यात डावा हात अंगाशी धरून चालत होती. मी ओरडायचं ठरवून आले होते. तिनं उजव्या हातानं माझी पिशवी घेतली आणि सुकेळीचा वास ओळखून लहान मुलीसारखी हसली, मग ओरडणं राहून गेलं.

जेवायला तांदळाची भाकर, लाखोरीची डाळ आणि तलावातल्या झिंग्यांची भाजी होती. आमच्या सुक्या जवळ्यासमोर झिंगे गोडे लागतात, पण भाजीत चव होती. पहिला घास घेतल्याबरोबर मी विचारलं, "कधी निघायचं?"

"सगुणाबाईचं झालं की."

"काय झालं की?"

"ती गेली की," ताई म्हणाली. "तिला गर्भाशयाचा कॅन्सर आहे. नागपूरहून घरी पाठवलंय. शेवटाला मी जवळ बसेन, असा शब्द दिलाय तिला."

दवाखाना मिटल्यापासून ताईचं काम हे असं आहे. ज्यांना बरं होण्यासारखं काही उरलेलं नाही, त्यांच्याकडे जायचं. अंग पुसायचं, कूस बदलायची, जखमा धुवायच्या, आणि वेळ आली की जवळ बसायचं. बसण्याची तिची एक रीत आहे. घरच्यांना ती आधी विचारते, तुमच्या घरी अशा वेळी काय म्हणतात? हिंदू घर असेल तर तुळशीपत्र आणि पाणी जवळ ठेवायला सांगते. बौद्ध घर असेल तर त्रिशरण-पंचशील म्हणणाऱ्याला बोलावून आणायला सांगते. स्वतःची जपमाळ खिशात असते. "मग आपली प्रार्थना?" मी विचारलं. "ती मी माझ्यासाठी म्हणते," ताई म्हणाली. "मरणाऱ्या माणसाला त्याच्या आईच्या तोंडचे शब्द ऐकू यायला हवेत."

बोलणं मला पटलं. पण ती बोलत असताना माझं लक्ष तिच्या डाव्या हाताकडे होतं.

सगुणाबाईची खोली

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ताईबरोबर गेले. बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर असलेलं स्वच्छ सारवलेलं घर. मुलगा भास्कर गवंडीकाम करतो. त्याची बायको वंदना. आतल्या खोलीत बाजेवर सगुणाबाई. दारातच वास येतो. मी तो लपवणार नाही. मी पदर नाकाशी नेला, मग लाज वाटून खाली केला.

वंदना गरम पाण्याची बादली घेऊन आली. उंबऱ्यापाशी थांबली, बादली आत सरकवली आणि तिथेच उभी राहिली. ताईनं एका हातानं काम सुरू केलं. चेहरा, मान, पाठ. मी पुढे झाले तर म्हणाली, "राहू दे, मी करते." दुसऱ्या हाताला जोर नाही, तरी "राहू दे, मी करते." सगुणाबाई कण्हत होती आणि डोळ्यांनी मला जोखत होती.

"थे कोन?" तिनं विचारलं.

"माझी धाकटी बहीण. वसईहून आलीय."

"कायले?"

ताई म्हणाली, "मले भेटाले." सगुणाबाईचं समाधान झालेलं दिसलं नाही.

पुढे रोज हेच. आणि एक गोष्ट सांगते, कारण ती सांगितली नाही तर बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही. सकाळी ताई परत आली की मी विचारायची, "कशी आहे?" ताई म्हणायची, "आज थोडी पेज घेतली." एक बाई पेज प्यायली म्हणून मला वाईट वाटत होतं. चॅपेलमध्ये गुडघे टेकले तर प्रार्थना कशाची करायची हेच कळेना. तिला लवकर सोडव म्हटलं, तर ते कुणासाठी म्हणतेय हे देवाला कळणारच होतं.

बोंबील

एका दुपारी ताई झोपली होती. मला वाटलं, या गोड्या मासळीच्या गावाला जरा समुद्र दाखवावा. मी बोंबील भाजायला घेतले. चॅपेल शेजारीच आहे आणि लिली आत डोळे मिटून बसलीय, हे ध्यानात आलं नाही. ती नाकाला रुमाल लावून बाहेर आली. "देवाच्या दिव्यालाबी वास येऊन राहिला न!" म्हणाली, आणि खोकता खोकता हसायला लागली.

त्याच वासानं वंदनाही आली. सिस्टरांकडे राहिलेली बादली परत न्यायचं निमित्त होतं. मी तिला ताटली दिली. तिनं चुलीपाशी बसून चवीनं खाल्लं, "कांदा अजून पायजे होता" म्हणून निकाल दिला. मग हात धुताना मी तिला विचारलंच. मला राहवत नाही, स्वभाव आहे.

"तू आत का येत नाहीस गं? सासूशी भांडण आहे का?"

तिनं ताटली विसळली. मग म्हणाली, "भांडन काहीच नाही जी. पयल्यांदी आत्याबाईले घरी आनलं, तवा मीच आंग पुसाले गेली. कुशीवर घेतलं तं थे जोरानं ओरडली. तेवढ्यात शिष्टर आली. माया हातातला फडका घेतला, म्हने, राहू दे माय, मी करतो. मले वाटलं, माया हातानं आत्याबाईले दुखते. तवापासून मी दारात उभी राहतो." तिनं पदरानं तोंड पुसलं. "लोकं म्हनतात सून पाहत नाही. म्हनू दे. पन मले करा वाटते न जी."

ती गेल्यावर मी ताईला उठवलं आणि हे जसंच्या तसं सांगितलं. सांगताना आवाज चढला. म्हटलं, "तुझ्या शब्दापायी तू इकडे मरायला टेकलीयस, आणि ज्या बाईनं करायला हवं ती उंबऱ्यावर उभी आहे. हे कसलं गं तुझं काम?"

ताईचा चेहरा उतरला. "ती घाबरली होती. सगुणाबाईला वेदना होत होत्या. मला ते नीट येतं, तिला येत नव्हतं. मी काय चूक केली?"

"मला नाही माहीत," मी म्हटलं. "मी नर्स नाही."

संध्याकाळी ती नेहमीसारखी गेली, आणि अंग तिनंच पुसलं. इतकी वर्षं ज्या हातांनी काम केलं ते हात सांगितल्यानं थांबत नाहीत. मला तिचा राग आला आणि तिची कीवही आली.

सगुणाबाई बोलली

सानगडीच्या बाजाराचा दिवस होता. ताईला ताप आला होता, म्हणून लिली सगुणाबाईकडे निघाली, आणि मी तिच्याबरोबर. लिली चूल पेटवायला, पाणी काढायला म्हणून वंदनाबरोबर मागच्या अंगणात गेली. खोलीत मी एकटी. सगुणाबाईनं बोटानं जवळ बोलावलं. तोवर वासाची मला सवय झाली होती. मी बाजेशी खाली बसले.

"तुमी माया मरनाची वाट पाहून राहिल्या न जी?"

नाही म्हणायला गेले आणि रडायलाच आलं.

"रडू नोका. मले राग नाही. मीबी वाट पाहून राहिलो, पन येत नाही तं काय करू?" ती थांबली. एवढं बोलायलाही तिला दम लागत होता. "शिष्टरले काय झालं? हात कायले जवळ धरून राहते? मले कोनी सांगत नाही."

मी सांगितलं. गाठ, डॉक्टर, पुढे ढकललेलं ऑपरेशन, सगळं. ताई मला कधी क्षमा करणार नाही असं सांगताना वाटत होतं, तरी सांगितलं.

सगुणाबाईनं डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली. मग ती म्हणाली, "मायासाठी?" आणि जरा वेळानं, "पागल बाई."

तिनं वंदनाला हाक मारली. वंदना येऊन उंबऱ्यावर थांबली.

"तिथं काहून उभी? आत ये. भास्करले सांग, उद्या माही बाज रस्त्यावर न्याची आहे. शिष्टर नागपूरले चालली. मी तिले पोचवाले जातो."

रस्त्यावर

मी ताईला नुसतं सांगितलं असतं तर ती ऐकणार नव्हती. पण सकाळी भास्कर दारात आला. "शिष्टर, आई निघाली जी. बाज उचलली. तुमी नाही आल्या तं थे उन्हातच राहीन म्हनते." ताई अनवाणीच बाहेर धावली. मी मागून तिची चप्पल आणि पिशवी घेऊन निघाले. पिशवी लिलीनं भरून ठेवली होती. सगळा संसार त्या एका पिशवीत मावला.

डांबरी रस्त्याच्या कडेला, जिथे गाडी थांबते तिथे चौघांनी बाज ठेवली होती. अंगावर गोधडी, डोक्याशी उशी. एक मोटरसायकलवाला थांबला, हेल्मेट काढून त्यानं हात जोडले. सगुणाबाईनं गोधडीतून हात वर केला. "जित्ती आहे बाप्पा. जाय समोर." तो बिचारा मागे न बघता तसाच सुसाट गेला. त्या प्रसंगीही आम्ही हसलो.

ताई बाजेवर बसली. तिनं सगुणाबाईचा हात धरला. "बाई, मी तुले शब्द देल्ला होता. मी तो मोडून राहिलो."

"तू नाही मोडत. मीच सोडतो तुले," सगुणाबाई म्हणाली. "तू माया जान्याले बसनार होती. आता मी तुया जान्याले बसली. झालं."

आमच्या आईच्या मातीला ताईच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं, ती त्या रस्त्यावर लहान पोरीसारखी रडली. बाया पदर डोळ्यांना लावून उभ्या होत्या. कुणी कुंकवाचा करंडा आणला होता, कुणी नुसती फुलं. सिस्टरला काय द्यायचं असतं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी एकीनं तिच्या पिशवीत नव्या धानाचे तांदूळ ओतले. दुसऱ्या बायांनीही मूठ मूठ टाकले.

एसटी आली. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं आणि तो बाजेकडे पाहत बसला; प्रवाशांपैकी एकानंही घाई केली नाही.

"जय भीम, शिष्टर," सगुणाबाई म्हणाली.

"जय भीम, बाई."

गाडी सुटल्यावर मी मागे वळून पाहिलं. ताईच्या जागी बाजेवर वंदना बसली होती. ऊन सासूच्या तोंडावर येऊ नये म्हणून तिनं पदर आडवा धरला होता. मी ताईला म्हटलं, बघ. तिनं मान वळवली नाही. तिच्यानं बघवलं नसावं.

नागपूर

ऑपरेशन झालं. उशीर झालाय, पण हाताबाहेर गेलेलं नाही, असं डॉक्टर म्हणाले. पुढची औषधं चालू आहेत. हे लिहिताना मी वसईत परतले आहे, आणि ताई नागपूरला संघाच्या घरी आहे.

पण एक सांगायचं राहिलं. दवाखान्यात मी तिच्याजवळ होते तेव्हा ती वाईट पेशंट होती. डावा हात हलवायचा नाही, तरी एका हातानं तोंड धुणार, स्वतःच केस बांधणार. मी ओला टॉवेल घेऊन पुढे झाले की "राहू दे, मी करते." नर्सनाही तेच. तिथल्या पोरी हसून सोडून देत. मी चिडत असे.

एका सकाळी वंदनाचा फोन आला. ताईनं मला आवाज मोठा करायला सांगितला. वंदना रडत नव्हती, थकलेली वाटत होती. सगुणाबाई पहाटे गेली. भास्करनं त्रिशरण म्हणणाऱ्यांना बोलावलं होतं, ते वेळेत आले.

"जवळ कोन होतं?" ताईनं विचारलं.

"मी होती न," वंदना म्हणाली. "आत्याबाईनं माया मांडीवरच डोकं ठेवलं होतं. काल सांजी आंग पुसलं मी. एकडावबी ओरडली नाही, शिष्टर."

फोन बंद झाल्यावर ताई बराच वेळ खिडकीकडे पाहत होती. मी तिला एकटं ठेवायला म्हणून उठले, तोंड धुवायचं पाणी आणून ठेवलं आणि नेहमीसारखी बाजूला सरले.

"मी तिथं असते तर वंदना दारातच उभी राहिली असती," ताई म्हणाली.

तिनं उजव्या हातानं टॉवेल उचलला, पाण्यात बुडवला आणि पिळायला गेली. एका हातानं पिळता येईना. मग तिनं तो माझ्यापुढे धरला.

"जरा पाठ पुसून दे गं," ती म्हणाली, आणि माझ्याकडे पाठ केली.